एका गाडीला दोन चाव्या

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारी महिन्यात गाड्यांच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसते. वाहनतळावर ओळीनं खांब असतात, खांबांना प्लग असतात आणि रात्री गाडी लावली की ती वायर तिथे खोचायची. आत इंजिनाच्या ठोकळ्यात छोटा हीटर बसवलेला असतो. उणे ३० अंशांच्या रात्री हे केलं नाही, तर सकाळी इंजिनातलं तेल काकवीसारखं दाट झालेलं असतं आणि बॅटरी अर्धमेली. शिशाची बॅटरी उणे १८ अंशांला आपल्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर येते. आपण बॅटरी घेताना ती किती अँपिअर-अवरची आहे ते विचारतो. तिकडचा माणूस विचारतो की उणे १८ अंशांत, दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, ही सलग ३० सेकंद किती अँपिअर देईल. थंडीनं त्यांना बॅटरीकडे बघायची वेगळीच नजर दिली आहे.

रिमोट स्टार्टर खरा वापरला जातो तो अशा गावात. स्वयंपाकघरात चहा ठेवायचा, खिडकीतून बटण दाबायचं, खाली गाडी सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांत काचेवरचं बर्फ सुटतं आणि स्टिअरिंगला हात लावता येतो. आपल्याकडे गरज नेमकी उलटी आहे. मे महिन्यात नागपूरला किंवा चंद्रपूरला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसण्याआधी ती थोडी निववून घ्यावी, एवढीच. ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ साली ब्लूलिंकसह आली, तेव्हापासून मोबाइलवरून इंजिन आणि एसी सुरू करण्याची सोय आपल्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसू लागली.

पण कारखान्यातून बसून येणाऱ्या सोयीत वायरमनला शिकण्यासारखं फारसं काही नाही. शिकण्यासारखं आहे ते मागाहून बसवल्या जाणाऱ्या रिमोट स्टार्टरमध्ये. दुकानातून तळहाताएवढं खोकं आणायचं, त्यातून निघणाऱ्या वीस-पंचवीस तारा डॅशबोर्डखाली मूळ वायरिंगला जोडायच्या. वरवर पाहता हा तारा जोडण्याचा उद्योग आहे. प्रत्यक्षात तुम्ही गाडीला दुसरी चावी देत असता. गाडी मात्र एकाच चावीच्या हिशेबानं बनवलेली असते. दोन चाव्यांनी एकाच वेळी हुकूम सोडले, तर दातेरी चाकं खरवडतात, तारा तापतात, खोकं जळतं. या दोघींना एका घरात नांदवण्याचं काम दोन साधे सुटे भाग करतात: रिले आणि डायोड.

चावी नेमकं काय करते ते आधी पाहू. चावीच्या बॅरलमागे चार-पाच जाड तारा असतात. एकीत बॅटरीचा करंट सदैव असतो. चावी पहिल्या टप्प्यावर आली की तो करंट रेडिओसारख्या वरकड गोष्टींच्या तारेत जातो. दुसऱ्या टप्प्यावर तो इग्निशनच्या तारेत येतो आणि इंजिनाचा संगणक, इंधनाचा पंप जागे होतात. तिसऱ्या, स्प्रिंगच्या टप्प्यावर तो सेल्फच्या तारेत जातो. या तिसऱ्या टप्प्यावर एक गोष्ट घडते, जी आपण रोज पाहतो पण तिच्याकडे लक्ष देत नाही: सेल्फ मारताना रेडिओ क्षणभर गप्प होतो आणि पंखा मंदावतो. बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून चावी वरकड तार मुद्दाम तोडते. इग्निशनची तार मात्र ती सोडत नाही, कारण ठिणगीच नसेल तर सेल्फ फिरवून उपयोग काय?

रिमोट स्टार्टरच्या खोक्याला हे सगळं याच क्रमानं करावं लागतं. आधी इग्निशन चालू. डिझेल गाडी असेल तर ग्लो प्लग तापेपर्यंत काही सेकंद थांबायचं. मग सेल्फ. सेल्फ फिरवताना इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं आणि स्वतःच्या बळावर चालू लागलं की ७००-८०० च्या पुढे जातं. खोकं एका तारेवरून हे फेरे मोजत राहतं आणि इंजिनानं जीव धरताच सेल्फ सोडून देतं. मग वरकड तार चालू करायची, म्हणजे हीटर किंवा एसीचा पंखा फिरू लागेल. चावी फिरवणारा माणूस हे कानानं करतो. इंजिन लागल्याचा आवाज आला की बोटं आपोआप सैल होतात.

अडचण अशी, की खोक्याच्या हातात बळ नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या हुकमाच्या तारा २०० ते ५०० मिलिअँपिअरच्या वर वाहून नेऊ शकत नाहीत. पंख्याची मोटर एकटीच १५-२० अँपिअर खाते. म्हणजे खोकं हुकूम देऊ शकतं, ओझं उचलू शकत नाही. हुकूम घेऊन ओझं उचलणारा मध्ये कुणीतरी हवा.

त्याचा, म्हणजे रिलेचा, शोध अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीच्या प्रयोगशाळेत लागला. हेन्री पुढे स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला. १८३५ च्या सुमाराला प्रिन्सटनला शिकवताना तो विद्यार्थ्यांना एक प्रयोग दाखवत असे. लांबलचक तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहानं छोटा लोहचुंबक जागा व्हायचा, त्या चुंबकाच्या हालचालीनं दुसऱ्या, मोठ्या चुंबकाचं सर्किट तुटायचं आणि मोठ्या चुंबकानं धरून ठेवलेलं वजन धाडकन खाली यायचं. क्षीण प्रवाहानं स्वतः वजनाला हात लावलेला नसे. त्यानं फक्त निरोप दिलेला असे. १८४४ साली मोर्सची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेली, तेव्हा याच कल्पनेचा आधार होता. वाटेत थकलेल्या संदेशानं नव्या बॅटरीचा जोर घ्यायचा आणि पुढे जायचं. डाकेच्या हरकाऱ्यानं चौकीवर थैली ताज्या दमाच्या हरकाऱ्याच्या हाती द्यावी, तसंच. रिले या शब्दामागे हाच अर्थ आहे. वाटेत ताजे घोडे तयार ठेवण्याच्या पद्धतीला हा शब्द वापरत.

आज आपल्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जो काळा चौकोनी रिले मिळतो, तो हेन्रीच्या प्रयोगाचं डबीत बसवलेलं रूप आहे. हॉर्न बदलताना किंवा हेडलाइटला जास्त वॉटचे बल्ब घालताना आपल्याकडे तो सर्रास बसवतात. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि पाच पायांचा असेल तर ८७ए. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत. विनिपेगच्या गॅरेजात आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचा अर्थ एकच. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. कॉइलमधून करंट गेला की ती चुंबक होते आणि लोखंडाची एक जीभ ओढून घेते. ३० हा त्या जिभेचा पाय. कॉइल झोपलेली असताना जीभ ८७ए ला टेकलेली असते. कॉइल जागी झाली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि जीभ ८७ए सोडून ८७ ला जाऊन टेकते. रिलेची कहाणी एवढीच. पण ८७ए कडे लक्ष ठेवा, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

कॉइलचा रोध साधारण ८० ओम असतो. १२ व्होल्टला ती जेमतेम १५० मिलिअँपिअर घेते, म्हणजे खोक्याला सहज पेलणारं ओझं. आणि ३० व ८७ यांच्या दरम्यान ३०-४० अँपिअर निर्धास्त वाहतात. दोनशेपटींहून जास्त बळ! सेल्फच्या बाबतीत साखळी आणखी एक चौकी पुढे जाते. सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, थंडीत त्याहून जास्त. ते डबीतल्या रिलेच्या आवाक्यातलं नाही. म्हणून सेल्फच्या पाठीवर जो सोलेनॉइड असतो, तोही एक दांडगा रिलेच आहे. खोकं रिलेला सांगतं, रिले सोलेनॉइडला, सोलेनॉइड मोटरला. पावसाळी सकाळी बॅटरी उतरलेली असताना बोनेटखालून येणारा टक-टक-टक-टक असा आवाज आठवा. सोलेनॉइड जीभ ओढतो, मोटर करंटचा घोट घेते, बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइडची पकड सुटते, ओझं गेल्यामुळे दाब पुन्हा वर येतो, पुन्हा पकड. तो आवाज ऐकून सेल्फ बिघडलाय असं म्हणून मोटर काढणाऱ्याला थांबवा. बहुतेक वेळा दोष बॅटरीत किंवा तिच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो.

आता हेन्रीच्याच दुसऱ्या शोधाकडे वळू, कारण रिले देणाऱ्या माणसानंच रिलेचा उपद्रवही आधी पाहिला होता. १८३२ साली त्यानं लिहून ठेवलं की तारेच्या लांब वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला, तर तोडण्याच्या जागी लख्ख ठिणगी उडते. साध्या आखूड तारेत ती दिसत नाही. वेटोळ्यातला प्रवाह आपलं चुंबकीय क्षेत्र बाळगून असतो. त्याला अचानक वाट बंद केली तर तो मुकाट्यानं थांबत नाही. वाहत राहण्यासाठी तो दाब वाढवत नेतो, १२ व्होल्टच्या जागी शंभर, दोनशे, त्याहूनही जास्त, आणि हवेतून उडी मारता आली तर मारतो. या गुणधर्माच्या एककाला पुढे हेन्रीचंच नाव मिळालं.

पेट्रोलवरची मोटारगाडी खरं तर याच फटक्यावर चालते. चार्ल्स केटरिंगनं बॅटरीवर चालणारी जी इग्निशन पद्धत बनवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये जी आली, तिच्यात कॉइलचा प्रवाह योग्य क्षणी मुद्दाम तोडतात आणि १२ व्होल्टच्या (त्या काळी ६ व्होल्टच्या) जोरावर स्पार्क प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. याच केटरिंगनं १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ दिला. त्याआधी पुढून हँडल मारावं लागे आणि इंजिनानं उलट झटका दिला की मनगट मोडे. आपल्याकडे जीप आणि ट्रकना कितीतरी वर्षं हँडल सोबत असायचंच. जुन्या ड्रायव्हरांनी ते अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता धरायला शिकवलं, ते याच झटक्यासाठी.

तर जो फटका स्पार्क प्लगमध्ये हवाहवासा, तोच रिलेच्या कॉइलमध्ये नकोसा. खोकं आपल्या हुकमाच्या तारेमागचा बारीक ट्रान्झिस्टर बंद करतं, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि शेकडो व्होल्टचा फटका थेट त्या ट्रान्झिस्टरवर येतो. पहिल्यांदा काही होत नाही. दहाव्यांदाही होत नाही. मग एका सकाळी खोकं तो रिले ओढायचं सोडून देतं आणि कुणालाच कारण सापडत नाही. यावर उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर एक डायोड आडवा घालायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो एक-दोन रुपयांत मिळतो. १एन४००१ पासून १एन४००७ पर्यंत कुठलाही चालेल. साळीच्या दाण्याएवढा काळा दंडगोल, एका टोकाला रुपेरी पट्टी.

डायोड म्हणजे करंटचा एकमार्गी दरवाजा. स्फटिकातून वीज एका दिशेला सहज आणि दुसऱ्या दिशेला कष्टानं जाते, हे जर्मनीत फर्डिनांड ब्राउनला १८७४ साली दिसलं. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजावर बिनतारी लहरी पकडणारा संवेदक बनवला आणि १९०४ साली त्यांना त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. अर्धवाहक साधनांच्या इतिहासात ते पेटंट मानानं उल्लेखलं जातं. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओलला सिलिकॉनच्या एका तडकलेल्या तुकड्यात दोन गुणधर्मांची सीमारेषा सापडली आणि आजचा डायोड तिथून निघाला. तपकीर गल्लीतल्या दाण्यात ही सीमारेषाच आहे.

वापरायला नियम एकच लक्षात ठेवा: करंट पट्टीच्या दिशेनं जातो, पट्टीकडून परत येत नाही. कॉइलवर आडवा घालताना पट्टी अधिक बाजूला, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या ८६ च्या पायाकडे ठेवायची. एरवी करंटला पट्टीकडून आत शिरता येत नाही, त्यामुळे डायोड नसल्यासारखाच असतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधला हट्टी प्रवाह या दरवाज्यातून वळसा घेऊन पुन्हा कॉइलमध्येच येतो, फिरत फिरत तारेच्या रोधात विरून जातो. फटका शेकडो व्होल्टऐवजी एका व्होल्टच्या आतच संपतो. याची छोटी किंमत म्हणजे रिले सुटायला काही मिलिसेकंद जास्त घेतो. रिमोट स्टार्टरच्या कामात त्यानं काही बिघडत नाही.

डायोड उलटा लागला तर मात्र बॅटरीचा अधिक आणि खोक्याची हुकमाची तार सरळ एकमेकांना भिडतात. मी पहिल्यांदा रिलेवर डायोड घातला तेव्हा तो उलटाच घातला होता. फ्यूज उडायच्या आधी ट्रान्झिस्टर गेला. तेव्हापासून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी पट्टीवर नखानं खूण करून कुठली बाजू कुठे ते मोठ्यानं म्हणतो. काही रिलेंमध्ये हा डायोड कारखान्यातच आत बसवलेला असतो. तसं असेल तर रिलेच्या डबीवर त्याचं चिन्ह छापलेलं असतं आणि मग ८५ आणि ८६ ची अदलाबदल करून चालत नाही. साध्या रिलेत चालते, म्हणून हाताला सवय लागलेली असते आणि तिथेच चूक होते.

आता दोन चाव्यांचं मूळ भांडण. गाडी रिमोटवर सुरू आहे. मालक येतो, दार उघडतो, बसतो, चावी घालतो. त्यानं चावी फक्त दुसऱ्या टप्प्यापर्यंत न्यायची आणि ब्रेक दाबायचा असतो. ब्रेक दाबला की खोकं गाडी त्याच्या ताब्यात देऊन बाजूला होतं. पण वर्षानुवर्षांची सवय हाताला तिसऱ्या टप्प्यावर नेते. सेल्फचा छोटा पिनियन पुढे सरकतो आणि मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळतो. तो खर्रर्र आवाज ज्यानं ऐकलाय तो विसरत नाही. पिनियन ज्यावर बसतो त्या बेंडिक्समध्ये एकमार्गी क्लच असतो, त्यामुळे इंजिन उलट मोटरला गरगर फिरवत नाही. तो क्लच म्हणजे यंत्रातला डायोडच म्हणा. पण दात्यांची झीज तो थांबवू शकत नाही.

इथे ८७ए कामाला येतो. चावीकडून सेल्फकडे जाणारी तार डॅशबोर्डखाली तोडायची. चावीकडचं टोक ८७ए ला, सेल्फकडचं टोक ३० ला जोडायचं. खोक्याची स्वतःची सेल्फची तार ३० च्याच बाजूला, म्हणजे तोडलेल्या जागेच्या पुढे लावायची. ८७ रिकामा राहील, त्यावर टेप गुंडाळा. रिले झोपलेला असताना ८७ए आणि ३० जोडलेलेच असतात, त्यामुळे चावी पूर्वीसारखी चालते. रिमोटनं गाडी सुरू झाली की खोकं एक तार अर्थ करून, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडून ठेवतं आणि इंजिन त्याच्या ताब्यात असेपर्यंत ती अर्थच राहते. ती कॉइलच्या ८५ ला दिली की रिले जागा होतो आणि चावीचा रस्ता तुटतो. मालकानं कितीही फिरवली तरी चावी तिसऱ्या टप्प्यावर मुकी. उद्या रिलेची कॉइल जळली तरी गाडी चावीनं सुरू होते, कारण निजलेला रिले म्हणजे जोडलेली तार. बिघाड झाला तर माणूस रस्त्यात अडकणार नाही, अशा बाजूला तो झुकलेला असावा. ही रचना मला म्हणूनच फार शहाणी वाटते.

८६ ला करंट कुठून द्यायचा? बॅटरीच्या सदैव चालू तारेवरून देण्याचा मोह होतो, कारण ती हाताशी असते. तसं करू नका. याच रिलेला चोरांविरुद्धही वापरायचं असेल, म्हणजे अलार्म लागलेला असताना चावी मुकी राहावी असं हवं असेल, तर अलार्मचीही एक अर्थ होणारी तार ८५ ला येते. मग गाडी उभी आहे तोवर कॉइल १५० मिलिअँपिअर पीत राहील. दिवसाला ३.६ अँपिअर-अवर. आठवडाभर गावी जाऊन आलात की बॅटरी झोपलेली. ८६ ला इग्निशनच्या तारेवरचा करंट द्या, म्हणजे कुणी चावी फिरवली किंवा खोक्यानं गाडी जागी केली तरच कॉइल करंट मागेल.

आणि आता ८५ वर दोन मालक आले: एक खोक्याची तार, दुसरी अलार्मची. दोन्ही तिथे नुसत्या पिळून जोडल्या तर काय होईल? खोक्यानं आपली तार अर्थ केली की जोडणीतून अलार्मचीही तार अर्थ होते. अलार्मच्या त्या तारेवर, समजा, गाडी लॉक झाल्यावर काचा वर करणारं मॉड्यूलही आहे. मग खिडकीतून बटण दाबलं की इंजिनाबरोबर काचाही हलू लागतील. अशा तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मेकॅनिक खोकं बदलून देतो आणि तक्रार कायम राहते. इलाज दोन दाण्यांचा आहे. प्रत्येक तारेत एकेक डायोड घाला, बिनपट्टीची टोकं एकत्र करून ८५ ला, पट्टीची टोकं आपापल्या मालकाकडे. कॉइलमधला करंट ज्याचा दरवाजा उघडा असेल तिकडून अर्थला जातो, पण एका मालकाचा हुकूम दुसऱ्याच्या घरात शिरू शकत नाही, कारण त्यासाठी त्याला पट्टीच्या उलट दिशेनं जावं लागेल. डायोडमध्ये जवळपास ०.७ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टचा रिले सात-आठ व्होल्टलाही ओढतो, त्यामुळे ही घट सहज परवडते.

इथे एक गैरसमज चांगले कारागीरही बाळगतात. या दोन डायोडांनी खोक्याचं रक्षण होतंच, मग कॉइलवरचा आडवा डायोड कशाला, असं त्यांना वाटतं. पण ट्रान्झिस्टर बंद होताना ८५ कडचं टोक उसळून अधिक होतं, म्हणजे फटका या डायोडांच्या चालू दिशेनंच खोक्याकडे जातो. भांडण मिटवणारा डायोड फटका अडवत नाही. दोघांची कामं वेगळी, दोघंही हवेत.

पार्किंग लाइटच्या बाबतीत हिशेब बदलतो. काही युरोपीय गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या पार्किंग लाइटच्या तारा वेगळ्या असतात. खोक्याला दोन्ही बाजूंचे दिवे पेटवायचे असतात, पण दोन्ही तारा एकमेकींना जोडून चालत नाही. डायोड घालावेत असं सुचतं आणि हाताशी १एन४००१ असतो. तो एक अँपिअरचा आहे. पाच-पाच वॉटचे दोन-तीन दिवे म्हणजे एका बाजूला एक अँपिअरच्या आसपास करंट आणि थंड फिलामेंट पेटतानाचा पहिला झटका त्याच्या कैक पट. दाणा टेपच्या आत भाजतो. इथे सहा अँपिअरचे जाड डायोड वापरा किंवा सरळ दोन रिले. निरोपासाठी छोटा डायोड, ओझ्यासाठी रिले, एवढा विवेक ठेवला की अर्ध्या चुका टळतात.

चिप असलेल्या चाव्या आल्या तशी दुसऱ्या चावीची गोष्ट अक्षरशः खरी झाली. कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. बॅरलभोवतीची कडी चावीतली चिप ओळखते आणि ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. रिमोटनं सुरू करताना बॅरलमध्ये चावी नसते. म्हणून सुरुवातीला एक जास्तीची चावी घेऊन ती डॅशबोर्डखाली तारेच्या वेटोळ्यात लपवत आणि खोकं गाडी सुरू करेल तेवढ्या वेळापुरतं एक रिले ते वेटोळं कडीला जोडी. पुन्हा रिलेच. पण घराची किल्ली उंबऱ्याखाली ठेवण्यातलाच हा प्रकार, ज्याला ठाऊक आहे त्याला सापडते. आता हे काम गाडीच्या डेटा वायरवर बोलणारी मॉड्यूलं करतात आणि नव्या गाड्यांत जोडायच्या तारा पाच-सहावर आल्या आहेत. तरी त्याच गाड्यांच्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा, आत रिले रांगेनं बसलेले दिसतील.

हे सगळं आपल्याकडे करू पाहणाऱ्याला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत. तिथे गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फ फिरतच नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या हातानं गिअर टाकायच्या आणि चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरायची आपली सवय. अशा गाडीला खोक्यानं सेल्फ दिला तर ती पुढे उडी मारेल, समोर भिंत असो वा मूल. म्हणून हाताच्या गिअरच्या गाडीसाठी वेगळी पद्धत असते: इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, उतरून दार लावायचं, मग खोकं इंजिन बंद करतं आणि पुढच्या वेळेसाठी तयार राहतं. मधल्या काळात एकदा जरी दार उघडलं तरी ती तयारी रद्द, कारण आत जाऊन कुणी गिअर टाकला असेल. यासाठी दारांचे स्विच आणि हँडब्रेकची तार खोक्याला जोडलेली असलीच पाहिजे. ही सगळी अट गुंडाळून ठेवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नका.

इतर काळजी थोडक्यात. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. टेस्ट लॅम्प जुन्या गाडीला ठीक आहे, संगणक असलेल्या गाडीत मल्टिमीटरच वापरा. बॅटरीकडून घेतलेल्या तारेला फ्यूज बॅटरीजवळ लावा. जोड सोल्डर करा, पिळून टेप लावलेला जोड खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षभरात सैल होतो. आणि बंद गॅरेजात, तळघरातल्या पार्किंगमध्ये रिमोटनं गाडी सुरू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपलेल्या माणसाला जागं करत नाही.

डॅशबोर्डचं पॅनेल परत बसवण्याआधी बोनेट उघडं ठेवा आणि रिमोटचं बटण दाबा. बोनेट उघडं असताना खोक्याला अडवणाऱ्या, बोनेटखालच्या स्विचची तार खरंच जोडलेली असेल तर सेल्फ हलणार नाही. मग बोनेट लावून गाडी रिमोटनं सुरू करा आणि ब्रेकला पाय लावा. चावी आत नसताना ब्रेक दाबताच इंजिन बंद पडलं पाहिजे. पुन्हा रिमोटनं सुरू करून चावी थेट तिसऱ्या टप्प्यापर्यंत फिरवा आणि कान द्या. खर्रर्र ऐकू आलं नाही, तर तुमचा रिले आणि खोक्याच्या तारेतला दाणा योग्य जागी आहेत. या तीन चाचण्यांपैकी एकही चुकली, तर पॅनेल बसवू नका.